पाहुण्याला विचारायचं नसतं

उझुनयायला, काय्सेरी
१२ जुलै १९९३

लूत्सा बाळा,

हे पत्र मी सांगते आहे आणि आमच्या गावचे मास्तर लिहिताहेत. तुमची रशियन वळणाची अक्षरं या पठारावर त्यांच्याशिवाय कुणाला येत नाहीत. म्हणजे तू जे काही लिहिशील ते आधी त्यांच्या तोंडून बाहेर पडणार आणि मग माझ्या कानावर येणार, एवढं ध्यानात ठेव.

काल तुमच्या सहलीची माणसं परत आली. मी काय्सेरीला गाडीच्या दाराशीच उभी होते. सगळी उतरली, माझा बेरस्लान तेवढा उतरला नाही. कुणी सामान मोजायला लागलं, कुणाला एकदम तहान लागली. शेवटी मी आमच्या शेजारणीचा पदर धरला तेव्हा ती म्हणाली, की त्याचं पोट बिघडलं, म्हणून तो कराचायांच्या मुलखात एका म्हाताऱ्याकडे मागे राहिला, बाकीचं लूत्साला माहीत. त्या पोराने लहानपणी कच्चे जर्दाळू टोपलीभर खाऊन पचवलेत. त्याचं पोट बिघडलं म्हणे.

तू माझ्या माहेरच्या कुळातली. रशियनांनी आपल्या लोकांना हाकललं तेव्हा आपल्या मूळ पुरुषाचा एक मुलगा बोटीत बसून इकडे आला, दुसरा डोंगरातच लपून राहिला, एवढाच तुझ्यामाझ्यात फरक. त्या नात्याने मी तुझी आत्या. पोराला पूर्वजांचं गाव बघायचं होतं, तू सहलीची वाटाड्या आहेस हे कळलं, म्हणून मी पाठवला. नाल्चिकच्या विमानतळावर तू त्याचा हात धरलेला, शेजारणीने आणलेला फोटो माझ्या उशीखाली आहे. हातात दिला होता, हातात परत दे.

आमचे हे पलीकडच्या खोलीत खोगीर शिवत बसलेत. घोडा मरून चार वर्षं झाली. बापाने मुलाबद्दल चारचौघांत विचारायचं नसतं, तेव्हा ते काही विचारणार नाहीत. पण आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत.

टपालावर माझा भरवसा नाही आणि फोन लागत नाही. चामड्याची जाकिटं न्यायला तुमच्याकडच्या बायका इस्तंबूलला येतात, त्यांच्याबरोबर पाठवते. उत्तरही तसंच पाठव.

तुझी आत्या
दिशेक


नाल्चिक
२६ जुलै १९९३

प्रिय आत्या,

तुम्ही उगाच घाबरलात. बेरस्लान अगदी मजेत आहे. त्याचं पोट खरंच बिघडलं होतं, आणि बिघडणार नाही तर काय? तेबेर्दा गावात तोहतार बाबांच्या सुनेने बटाटा आणि चीज भरलेले खिचिन लाटले, तर हा एकामागून एक खातच सुटला. वर लोणी, वर ताकासारखं ऐरान. मी म्हटलं, अरे, उद्या धबधब्यापर्यंत चालायचं आहे. तर म्हणतो, मला इथेच पुरा.

तोहतार बाबा म्हणजे आमच्या सहलीचे नेहमीचे यजमान. सत्तरी उलटली आहे, पण पाठ ताठ. जातीचे कराचाय, भाषा तुर्की वळणाची, त्यामुळे तुमच्याकडची माणसं त्यांच्याशी छान बोलतात. माझ्याशी ते रशियनमध्ये बोलतात, म्हणून मला मात्र आपल्याच माणसांशी त्यांनी काय विनोद केला ते दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं. बेरस्लानला ते आवडले. त्यांच्या मेंढ्या उन्हाळ्यात वर कुरणावर असतात, तिथे राहून मेंढपाळी शिकायची म्हणाला. डोंगरातली हवा त्याला मानवली आहे. पुढच्या सहलीच्या विमानाने पाठवते.

मल्का नदीकाठी आपलं जुनं गाव होतं, तिथे आता नुसतं मक्याचं शेत आहे, हे परत आलेल्यांनी सांगितलं असेलच. सगळ्यांनी मुठी भरून माती घेतली. याने घेतली नाही. मी विचारलं तर म्हणाला, माती घेऊन जायची असती तर आलोच कशाला असतो. मला फार हसू आलं. त्या संध्याकाळी गावच्या मुलींबरोबर असा नाचला, की म्हातारी माणसं उठून उभी राहिली.

वर रात्री थंडी असते, पण मी त्याला माझ्या भावाचे लोकरी मोजे दिलेत. काळजी करू नका.

तुमची
लूत्सा


उझुनयायला
८ ऑगस्ट १९९३

लूत्सा,

मास्तरांनी तुझं पत्र फार गोड आवाजात वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, वहिनी, सगळं ठीक दिसतंय. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही शाळेत मुलांची उत्तरं अशीच तपासता का?

आमच्या घरात मेंढ्या सोडून आजवर दुसरं काही राखलेलं नाही. बेरस्लान मेंढ्यांच्या वासातच जन्मला आणि त्या वासाला कंटाळून अंकाराला शिकायला गेला. सुट्टीला आला की दारातूनच विचारायचा, आई, यांना आज बाहेर बांधता येणार नाही का? तो मेंढपाळी शिकायला समुद्र ओलांडून तिकडे येईल? खोटंच सांगायचं होतं तर त्याला एखादी मुलगी आवडली असं सांगायचं होतंस. मी आठवडाभर तरी विश्वास ठेवला असता.

मोज्यांचं वाचलं तेव्हा भिंतीपलीकडे शिवण्याचा आवाज थांबला. उन्हाळ्यात मेंढपाळाला कुरणावर लोकरी मोजे लागत नाहीत, बर्फाची खिंड ओलांडणाऱ्याला लागतात. हे आमच्या ह्यांनाही कळलं आणि मलाही कळलं. बिचाऱ्या मास्तरांना तेवढं कळलं नाही.

इथे दर शुक्रवारी मशिदीबाहेर पोरं घोळका करून डोंगरापलीकडच्या लढाईबद्दल बोलतात. आपले भाऊ मरताहेत आणि आपण काय करतो, असं बोलतात. बेरस्लान त्यांच्यात बसायचा, पण कधी काही बोलायचा नाही. मला बोलणाऱ्यांची भीती वाटत नव्हती.

लूत्सा, मी तुला शिव्या देणार नाही. मला फक्त तो कुठे आहे ते सांग. मला जेवण जात नाही. मी चूल पेटवते आणि तिच्यासमोर बसून राहते. तो जिवंत आहे का, एवढं तरी लिही.

दिशेक


नाल्चिक
२० ऑगस्ट १९९३

आत्या,

तो खिंडीपलीकडे गेला. अबखाजियात, आपल्या अबखाज भावांच्या लढाईवर. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हाला कळायच्या आत त्याला परत आणता येईल असं वाटलं, म्हणून खोटं लिहिलं. मोजे मात्र खरंच मी दिले होते, आणि तेव्हा मला खरंच काही कळलं नव्हतं. रात्री पाय गार पडतात, एवढंच तो म्हणाला होता.

पोटात दुखतं म्हणून तो तोहतार बाबांकडे थांबला. मी बाकीच्यांना घेऊन पुढच्या गावी गेले. गाडी माझ्या हातात नव्हती, पण ते जाऊ दे, मी राहू शकले असते. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा पाहुण्यांच्या खोलीतलं अंथरूण नीट घडी करून ठेवलेलं होतं. बाबा म्हणाले, पहाटे निघाला. त्यांनी बरोबर चीज बांधून दिलं, अंगावरचा काळा लोकरी झगा त्याच्या खांद्यावर घातला, खिंडीच्या पायथ्यापर्यंत स्वतः चालत गेले आणि वर जाणाऱ्या दोघा माणसांच्या हाती त्याला सोपवून आले. पाहुण्याला असंच पुढच्या हाती द्यायचं असतं. रीतीत काही कमी पडलं नाही.

मी त्यांच्यावर ओरडले. वडीलधाऱ्या माणसावर मी आयुष्यात प्रथमच आवाज चढवला. म्हटलं, तीन दिवस तुमच्या घरात होता, कुठे निघालास एवढं विचारलं नाहीत?

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "पोरी, मी वीस वर्षांचा असताना सरकारने आम्हा सगळ्या कराचायांना रेल्वेच्या गुरांच्या डब्यात कोंबून गवताळ मुलखात नेऊन टाकलं. बर्फात एका कझाख बाईने दार उघडलं. कोण तुम्ही, काय केलंत, का आणलं, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला दार लावावं लागलं असतं. पाहुण्याला विचारायचं नसतं, यावर मी जगलोय. आता म्हातारपणी विचारायला कसा शिकू?"

खरं तर आत्या, त्याला तिथे पाठवणारी मीच आहे. तेबेर्दाच्या वाटेवर एक वळण आहे, तिथे मी प्रत्येक गटाला गाडीतून उतरवते. हात वर करून खिंड दाखवते. म्हणते, त्या पलीकडे आपल्याच रक्ताचे भाऊ आहेत आणि त्यांच्या घरांना आग लागली आहे. मग जरा थांबते. तिथे थांबायचं हे मी ठरवून ठेवलेलं आहे. लोक डोळे पुसतात, फोटो काढतात, मग मी त्यांना खिचिन खायला नेते. बेरस्लानने विचारलं, पायी किती लांब? मी म्हटलं, चांगला चालणारा असेल तर दोन दिवस. कुणी किल्ल्याची उंची विचारावी आणि मी सांगावी, तसं सांगितलं.

तुमचं पत्र मी तोहतार बाबांना सांगितलं, आणि काल ते स्वतः खिंड चढून गेले. मुलांनी अडवलं, सुनेने वाट रोखली. म्हणाले, मी दिलेला झगा अंगावर असलेला पोरगा शोधायला फार वेळ लागणार नाही. पाहुणा घरी पोचत नाही तोवर माझं यजमानपण संपलेलं नाही.

मला काय शिक्षा द्यायची ती द्या.

लूत्सा


उझुनयायला
३१ ऑगस्ट १९९३

लूत्सा,

तुझं पत्र ऐकून मी अंगणात गेले आणि त्या तोहतार म्हाताऱ्याला तोंडाला येईल ते बोलले. बोलता बोलता आमच्याच पाहुण्यांच्या खोलीचं दार दिसलं. लग्न होऊन आल्यापासून किती अनोळखी माणसांना मी तिथे पानं वाढली, हात धुवायला पाणी दिलं. एकालाही विचारलं नाही. त्यातले किती जण कुणाच्या आईला न सांगता निघाले असतील? मग माझा आवाज आपोआप बसला. माझ्या दारात तुझा मुलगा आला असता तर मीही त्याला चीज बांधून दिलं असतं, लूत्सा. म्हणून मला कुणावर रागवायची सोयच उरलेली नाही, आणि राग नसला की नुसती भीती उरते.

तुझ्यावर मात्र मी रागावले आहे. तिथे थांबायचं ठरवून ठेवलं आहेस म्हणे. यापुढे त्या वळणावर गाडी थांबवू नकोस, एवढीच तुझी शिक्षा.

आता सांगते ते नीट ऐक. खिंडीपलीकडे जाणारा कुणी माणूस गाठ आणि तोहतार बाबांपर्यंत निरोप पोचव. बेरस्लानला सांगायचं, की तुझ्या बापाने तुला नाव घेऊन हाक मारली आहे, घरी ये.

हे खोटं आहे. ह्यांनी त्याला आजवर नावाने हाक मारलेली नाही. घरात चुलत सासरे आहेत, त्यांच्यादेखत पोराचं नाव घेणं, त्याला जवळ घेणं, हे आपल्यात लाजेचं. 'ते पोरगं' म्हणतात, 'तुझं ते' म्हणतात. निघायच्या दिवशी सगळं गाव दाराशी होतं आणि हे गोठ्यात जाऊन बसले. बेरस्लानने मला हळूच विचारलं, बाबा रागावलेत का? मी म्हटलं, नाही रे, रीत आहे. तो म्हणाला, दोन्ही दिसायला सारखंच दिसतं, आई.

आता हे रोज सकाळी मोठ्या रस्त्यापर्यंत जातात. विचारलं की म्हणतात, टोपी कुणाची तरी पडली होती ती बघायला गेलो होतो. रोज कुणाची टोपी पडते?

निरोप लवकर पोचव. त्याला खोटं वाटेल, पण खरंच तसं झालं का हे बघायला तरी तो येईल. मी माझ्या पोराला ओळखते.

दिशेक


नाल्चिक
१६ सप्टेंबर १९९३

आत्या,

तो जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे मास्तर दम खायला थांबले तरी तुम्हाला ते कळलेलं असेल. जिवंत आहे, हातपाय धड आहेत.

तोहतार बाबांनी एका जखमी माणसाबरोबर निरोप पाठवला. मी त्याला इस्पितळात जाऊन भेटले. बाबांनी खरोखरच झग्यावरून शोधला. एका बंद पडलेल्या शाळेत हे लोक राहतात. बेरस्लान जखमींना उचलून आणण्याच्या कामावर आहे. त्याच्या हाती बंदूक दिली होती, ती त्याने दुसऱ्याला देऊन टाकली, म्हणाला, मेंढरू खांद्यावर टाकून चालायची सवय आहे, तेच करतो. बाबांना बघून तो आधी रडला आणि मग त्यांच्यासाठी कुठून तरी मध घेऊन आला.

तुमचा निरोप बाबांनी त्याला दिला. तो इतका हसला, की बाकीची पोरं गोळा झाली. म्हणाला, "बाबा, तुम्ही भले माणूस, तुम्हाला कुणीतरी फसवलंय. माझा बाप माझं नाव घेत नाही." मग पोरांना पांगवून बाबांजवळ बसला. उठताना म्हणाला, "त्यांच्या हातचं लिहिलेलं आणा. मास्तरांच्या हातचं नको, आईने सांगितलेलं नको. त्यांच्या हातची एक ओळ असली तरी त्याच दिवशी निघतो."

तोहतार बाबा त्याच्याजवळच राहिलेत. पत्र येईपर्यंत पाहुण्याला सोडून हलत नाही म्हणतात. दोघं एका झग्यात झोपतात.

आत्या, मी हात जोडते. मास्तर, तुम्हीही ऐका, आणि भिंतीपलीकडे ऐकत असाल तर काका, तुम्हीही. एक ओळ. मी स्वतः ती घेऊन खिंडीखाली जाऊन बसते, वर जाणारा कुणी ना कुणी मिळतोच. महिन्याअखेर वर बर्फ पडायला लागेल, मग वाट बंद होते. फार वेळ नाही.

लूत्सा


नाल्चिक
२ ऑक्टोबर १९९३

मास्तर, हे पत्र आधी मनात वाचा. मग आत्यांना बसायला सांगा, आणि कृपा करून काकांना या खोलीत बोलवा. भिंतीपलीकडून ऐकू देऊ नका.

आत्या, काका, बेरस्लान गेला. लढाई संपायला मोजके दिवस राहिले होते. एका जखमीला खांद्यावर घेऊन येताना त्याला पाठीत गोळी लागली. खांद्यावरचा माणूस वाचला. तोहतार बाबा धावत पोचले तेव्हा त्याचा श्वास चालू होता. बाबांनी विचारलं, पाणी देऊ का? तो म्हणाला, पत्र आलं का? बाबा म्हणाले, येतंय, वाटेत आहे.

लोक म्हणाले, इथेच पुरूया. बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी त्याला त्याच झग्यात गुंडाळलं, कुणाचा तरी घोडा मागून घेतला आणि पहिल्या बर्फातून खिंड ओलांडून आणला. मला निरोप आला तेव्हा मी, तुमचं पत्र आलं की भावाने तिथेच आणून द्यावं असं सांगून, खिंडीखाली बसले होते. घोडा दिसला आणि मला आधी वाटलं, बाबा आजारी माणसाला घेऊन येताहेत.

त्याला आम्ही तोहतार बाबांच्या घरच्या कबरस्तानात ठेवला आहे. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण वेळ नव्हता. बाबा आता आपल्या फाटकाशी टोपी न घालता उभे असतात आणि सांत्वनाला येणाऱ्यांचे हात हातात घेतात, घरचं माणूस गेल्यावर घेतात तसे. काल लोक गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "आता तो आमच्या मातीत आहे, पाहुणा राहिला नाही. आता विचारलं तर चालेल ना? घरी कोण कोण आहे? बाप कसा माणूस आहे? लहानपणी काय खोड्या करायचा?"

मीही कधी विचारलं नव्हतं. तुमच्या पत्रातल्या कच्च्या जर्दाळूंचं तेवढं सांगितलं. ते ऐकून बाबांनी तोंडावर हात ठेवला.

तुम्ही इकडे या. मी न्यायला येते. नाही तर मला शिव्या लिहून पाठवा, पण काहीतरी पाठवा.

लूत्सा


उझुनयायला
४ ऑक्टोबर १९९३

बेरस्लान,

मी लिहितो आहे. मास्तरांना घरी पाठवलं. तुझी आई शेजारी गेली आहे, म्हणजे गेल्याचं सोंग करून अंगणात उभी आहे. तू माझ्या हातचं मागितलंस म्हणून माझ्या हातचं. आपली भाषा तुर्की अक्षरांत लिहितोय, वेडंवाकडं असेल. मेंढीच्या कानावर खूण नीट पाडता येते, कागदावर येत नाही.

बेरस्लान. बघ, दोनदा लिहिलं.

लूत्साचं सप्टेंबरचं पत्र येऊन चार दिवस झाले, तेवढे मला हे लिहायला लागले. आधी चुलत्यांकडे गेलो. त्यांच्यासमोर मी मान वर करत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, पोराला नाव घेऊन हाक मारायची आहे, तुम्हाला ऐकू येईल. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, मार हाक, मी बहिरा आहे. त्यांना कोंबडीचं पाऊल ऐकू येतं.

तू निघालास तेव्हा मी गोठ्यात होतो. रागावलो नव्हतो. फळीच्या फटीतून बघत होतो. तू दोनदा मागे वळलास. तुझी डावी दोरी सैल बांधली होती, पिशवीची. ती घट्ट करायला यावं असं फार वाटलं. आलो नाही. माझा बापही माझ्यासाठी कधी आला नव्हता, म्हणून मला वाटायचं असंच असतं. तसं नसतं.

खोगीर शिवून झालं आहे. घोडा नव्हता म्हणून आई हसत होती. घोडा बघून ठेवला आहे. एक बदामी आहे, एक काळा. तू आल्यावर ठरव.

खिंडीत घाई करू नकोस. बर्फ असेल तर थांब, मी वाट बघेन. त्या म्हाताऱ्याला बरोबर आण. पाहुण्यांच्या खोलीत अंथरूण घातलं आहे. मी त्यांना काही विचारणार नाही.

मी रोज मोठ्या रस्त्यावर असतो. तू दिसलास की लांबूनच हाक मारीन, गाव ऐकू दे. तू लाजू नकोस.

बेरस्लान, घरी ये.

तुझा बाप
पशिमाफ